नळीवरचा टिश्यू

१२ ऑक्टोबर १९९८, सोमवार

आईने आज नळी काढली.

कपाटावरची. पुठ्ठ्याची, जवळजवळ माझ्या उंचीची, धुवट मलमलीत गुंडाळलेली. मी पलंगावरून बघत होते. तिला वाटलं मी झोपलेय. स्टुलावर चढली — सत्तरीची बाई, सुजलेले पाय! — आणि दोन्ही हातांनी नळी खाली घेतली. हाक मारली असती तर धडपडली असती, म्हणून गप्प राहिले.

ती नळी वर्षातून एकदाच खाली येते, मे महिन्यात. आतला टिश्यू, म्हणजे जरीचं पातळ कापड, उलगडायचा, सावलीत वारा द्यायचा, बाजू बदलून पुन्हा गुंडाळायचा. घडी कधीच घालायची नाही. घडीवर जरीचा धागा तुटतो आणि धागा तुटला की कापड तिथे गेलंच. डांबरगोळ्या नाहीत, अत्तर नाही, ओला हात नाही. वीस वर्षं हे असं चाललंय. दर मे महिन्यात.

आज ऑक्टोबर आहे. मला काय ते कळलं.

१३ ऑक्टोबर

विचारलं, "नळी का काढलीस?"

म्हणाली, "वारा द्यायला."

विषय बंद.

१८ ऑक्टोबर, रविवार

आई चर्चमधल्या मिस्साहून आली ती गळ्यात टेप अडकवूनच माझ्या खोलीत. "उभी रा."

"कशाला?"

"माप घेते."

(आईचं बोलणं मी इथे जरा सरळ करून लिहिते. आमची घरची बोली कागदावर नीट बसत नाही. आणि सतरा वर्षं शाळेत दुसऱ्यांचं शुद्धलेखन सुधारलं, ती खोड जाते कुठे!)

उभी राहिले. भांडायला अंगात जोर लागतो. तिने खांदा घेतला, छाती, कंबर, पाठीची उंची. पूर्वी नवऱ्यांचे गाऊन शिवायची तेव्हा आकडा मोठ्याने बोलायची, अख्ख्या सांडोर गावाला कुणाची कंबर किती ते कळायचं. नवऱ्या लाजून लाल व्हायच्या. आज एकही आकडा बोलली नाही. टेपवर अंगठा धरायची, बघायची, सोडायची.

कंबरेशी आल्यावर टेप पुन्हा एकदा लावून पाहिली. पहिल्यांदा चुकलं असेल असं वाटलं असणार तिला. चुकलं नव्हतं.

मी विचारलं नाही कशाचं माप. तिने सांगितलं नाही.

२१ ऑक्टोबर

आज पोट बरं आहे. म्हणजे दुखतंय, पण लिहिता येतंय. परळच्या कॅन्सर हॉस्पिटलात शेवटचं गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "त्रास वाढला तर या." आधी म्हणायचे, पुढच्या मंगळवारी या. हा फरक आईला कळला नाही असं मी इतके दिवस धरून चालले होते. कळलाय.

फिलोमिनामावशीचं लिहून ठेवते. मी अकरावीत असताना गेली. आमच्याच आळीतली, साठीच्या पुढची, लग्न केलं नव्हतं. तिला आईने नवरी केली. पांढरा सॅटिनचा गाऊन, तोंडावरून सोडलेला जाळीचा वेल, डोक्यावर मेणाच्या फुलांचा मुकुट. लग्नाशिवाय गेलेल्या पोरीला नवरी करूनच पाठवायचं, असं आईचं ठाम मत. पोरगी! केस पिकलेले, तोंडात दात नाहीत, आणि मुकुट एका बाजूला सरकत होता. आईने तो पुन्हा पुन्हा नीट केला. बायका म्हणत होत्या, किती गोड दिसते. मला तेव्हा इतका संताप आला होता. जन्मभर त्या बाईला कुणी धड बोलावलं नाही, लग्नाच्या घरात ती कायम मागे, भांडी घासायला. आणि मेल्यावर नवरी!

मला तसं करायचं नाही. मला माझी शाळेची निळी साडी नेसवा आणि मोकळे व्हा. हे सांगायचं आहे. रोज ठरवते. आई पेज घेऊन येते आणि तिचं तोंड बघून राहून जातं.

२५ ऑक्टोबर

पुन्हा माप. पुन्हा आकडा नाही.

२ नोव्हेंबर, सोमवार

मृतांचा दिवस. आई आणि आल्बर्ट बाबांच्या क्रुसाशी मेणबत्त्या लावायला गेले. मला म्हणाले, तू नको येऊस, ऊन आहे. ऊन! सगळे माझ्याशी असं खोटं बोलायला शिकलेत. आल्बर्ट माझा सख्खा भाऊ, केळीच्या वाडीतला माणूस, त्याला तर खोटं बोलताही येत नाही. जमिनीकडे बघून बोलतो.

घर रिकामं होतं. उठले आणि नळी उघडली.

हात पुसून, पावडर लावून. तेवढं मलाही शिकवलंय. थोडासाच उलगडला. चंदेरी. आडवा धागा जरीचा, उभा रेशमाचा, आणि इतका पातळ की खाली धरलेल्या माझ्या हाताच्या शिरा दिसत होत्या. वजन काहीच नाही. खिडकीतून वारा आला की पाणी हलल्यासारखा हलतो. वीस वर्षांत कुठे एक काळा डाग नाही. कपाटाखाली पेन्सिल गेली तर सहा महिने सापडत नाही असलं आमचं घर, आणि त्यात हे.

सॅन्टनमामाने बहरीनहून पाठवला होता. मी एकवीस वर्षांची, प्लासिडशी लग्न ठरलेलं. पार्सलमध्ये बांधणीला एका परदेशी मासिकाची पानं होती. एका पानावर बाई होती, असल्याच टिश्यूचा साधा फ्रॉक घातलेली. लांब बाह्या, पण बाह्यांना अस्तर नाही, आतला हात दिसतोय. मी म्हटलं, आई, मला गाऊन नको, हा शिव. आई म्हणाली, "अंग दिसतं. टिश्यू नवरीच्याच अंगाला लागंल, अस्तर लावून." ते पान मी बायबलात ठेवलं होतं. पुढे प्लासिड आखातात गेला, तिथल्याच एका नर्सशी लग्न केलं. अजून नाताळला कार्ड पाठवतो. फोटोत पोट सुटलेलं दिसतं. रडण्यासारखं त्यात काही नव्हतं असं आता वाटतं. तेव्हा रडले.

टिश्यू मात्र राहिला. दर मे महिन्यात आई म्हणायची, "येईल कोनीतरी." मग पस्तिशीनंतर ते म्हणणं बंद झालं. वारा द्यायचं चालूच.

पुन्हा गुंडाळून ठेवला. आईला आल्या आल्या कळलं. मलमलीची गाठ मी उलट्या बाजूने बांधली होती. सोडून पुन्हा बांधली.

८ नोव्हेंबर, रविवार

मर्लिन आली होती. आल्बर्टची मुलगी, माझी भाची, शेजारच्याच घरात राहते पण हल्ली आली म्हणजे वार्ता! दहा जानेवारीला लग्न आहे तिचं. दादरहून कापड आणलंय, पिशवीतून काढून माझ्या पायांवर पसरलं. टिश्यूच. म्हणे हल्ली तोच चालतो, रिसेप्शनला सगळ्यांच्या अंगावर टिश्यू. सोनेरी, तपकिरी, मोरपिशी, ढीग पडलेत म्हणे दुकानात.

आईने बोटांत धरून चोळलं. कराकरा आवाज आला.

"प्लास्टिक हाय."

"आजी, असंच असतं आता."

"इस्त्री जपून. नायतर पापडासारखं गोळा व्हईल."

"मशीनवर बघेल माझी टेलर. बोळिंजची आहे, तिच्याकडे सगळ्या जातात."

सांडोरच्या दोन पिढ्यांच्या नवऱ्या जिने शिवल्या, तिच्या नातीचा गाऊन बोळिंजला. मर्लिनच्या ते लक्षातही आलं नाही. बिचारीची चूक नाही. आईच्या हाताला हल्ली कापरं आहे, आणि घरात मी अशी. लग्नाचं कापड आजाऱ्याच्या घरात कोण ठेवेल?

जाताना मर्लिनने माझ्या कपाळाला हात लावला. हात गार आणि भरलेला होता. छान वाटलं. मग बरंच रडू आलं.

१५ नोव्हेंबर

माप.

आज विचारलं. "दर आठवड्याला कशाला? एकदाच घे आणि शिव."

आई टेप गुंडाळत म्हणाली, "टिश्यू उसवता येत नाय."

"म्हणजे?"

"सुई गेली की भोक ऱ्हातं. सुताचं भोक मिटतं, टिश्यूचं नाय मिटत. एकदाच शिवायचं. माप बदलतंय तवर सुई लावायची नाय."

म्हणजे कबूल केलं. माझ्यासाठीच आहे, हे पहिल्यांदा तिच्या तोंडून. आणि स्वतःलाच ऐकू आलं बहुतेक, कारण लगेच चुलीवर काहीतरी करपतंय म्हणून निघून गेली. चुलीवर काही नव्हतं.

संध्याकाळभर हेच डोक्यात. माप बदलतंय — दर रविवारी कमी — तोवर ती शिवणार नाही. ज्या दिवशी मशीन चालेल त्या दिवशी समजायचं, आईने हात टेकले.

१९ नोव्हेंबर

झालं ते! बोळिंजच्या टेलरने इस्त्री फिरवली आणि गाऊनचं पुढचं पान, छातीकडचा अख्खा भाग, आक्रसून गोळा झालं. हाताएवढं भोक. मर्लिन ओटीवर बसून मुसमुसत होती. तसंच कापड दुकानात उरलेलं नाही. आल्बर्ट तिला म्हणाला, दुसरं घेऊ, त्यात काय. बाप्यांना काय कळतं!

मी आतून हाक मारली. म्हटलं, "आजीकडे खरा टिश्यू आहे. तुझा गाऊन होईल. तुला घे."

मर्लिनचं तोंड असं उजळलं! मग माझ्याकडे बघितलं आणि विझलं. तिलाही माहीत होतं म्हणजे. सगळ्या घराला माहीत आहे.

२० नोव्हेंबर

आईशी भांडले. आता जोर आला कुठून कोण जाणे.

म्हटलं, "ते कापड मर्लिनला दे. तिचं लग्न आहे. खरं लग्न."

"ते तुझं हाय."

"मला नको. ऐकतेस? मला फिलोमिनामावशी करू नकोस! मुकुट नको, वेल नको. जिवंत नवरी दारात रडतेय आणि तू माझ्यासाठी —" पुढचा शब्द मला उच्चारता आला नाही. इतके दिवस पाठ केलेलं भाषण, आणि ऐन वेळी शेपूट घातली.

आई पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "आधी तुझं. उरलं तर तिचं."

उरलं तर! माझं अंग दर आठवड्याला कमी होतंय, उरायला भरपूर उरेल. हे मी तिला बोलले. बोलायला नको होतं. ती उठून वाडीत गेली आणि अंधार पडेपर्यंत आली नाही. आल्बर्टने जाऊन आणली.

२१ नोव्हेंबर

पेज पोटात ठरली नाही, उलटली. आईने साफ केलं.

२२ नोव्हेंबर, रविवार

माप. मी हात वर केले, तिने टेप फिरवली. जणू काही झालंच नाही. टेपचं थंड टोक पोटाला लागलं तेव्हा दोघीही दचकलो.

२९ नोव्हेंबर

दुपारी मशीन चाललं.

डोळा लागत होता. ओटीवरून मशीनच्या पायट्याचा आवाज आला, तो लहानपणापासूनचा खडखड. मी इतके दिवस म्हणते, मला काही फरक पडत नाही, काय व्हायचं ते व्हावं. आणि नुसत्या मशीनच्या आवाजाने हात पाय गार! मला मरायचं नाही. लिहिते स्पष्ट, कुणी वाचणार नाही. मला मुळीच मरायचं नाही. मला जूनमध्ये पाचवी 'ब' पुन्हा हवी आहे. त्यातली ती वात्रट पोरंसुद्धा हवीत.

भिंत धरत धरत ओटीपर्यंत गेले.

आई शेजारच्या बर्थाबाईचा परकर शिवत होती. नाडीची पट्टी.

"उठलीस कशाला?" माझ्यावरच ओरडली.

उंबऱ्यावर बसले आणि हसायला लागले. हसताना पोट दुखलं तरी थांबेना. बर्थाबाईचा परकर! आईला काही कळलं नाही, तीही थोडी हसली. पुष्कळ दिवसांनी.

६ डिसेंबर, रविवार

आईने आज माप घेतलं नाही.

मिस्साहून आली, टेप खुंटीला लावली, स्वयंपाकाला लागली. मी वाट बघत होते. दुपारपर्यंत बघितली. मग वाटलं, विसरली असेल. आई कापड विसरत नाही.

७ डिसेंबर

आजही नाही. म्हणजे मागचं माप ते शेवटचं. पुढे घेण्यात अर्थ नाही असं तिला वाटलं. तिचा अंदाज माझ्या डॉक्टरपेक्षा पक्का असतो. मर्लिनच्या वेळी वहिनीला दिवस गेलेत हे आईने कंबरेच्या मापावरून डॉक्टरच्या आधी सांगितलं होतं.

आता काय, नुसता आवाज यायचा बाकी.

१० डिसेंबर

कपाटातला निळा ब्लाऊज नाही! शाळेच्या साडीवरचा, चांगला, दोन वर्षांपूर्वी आईनेच शिवलेला. आता मला तो पिशवीसारखा होतो ते खरं, पण माझा आहे. निळी साडी आहे, ब्लाऊज नाही.

बर्थाबाई परवा चर्चच्या गरिबांसाठी जुने कपडे गोळा करत होत्या. दिला असणार. आई, मी अजून आहे घरात! श्वास घेतेय! निदान तेवढी तरी वाट बघायची!

विचारलं नाही. उगाच ती "ठेवलाय कुठेतरी" म्हणणार आणि जमिनीकडे बघणार. आल्बर्टची सवय तिलाही लागलीय.

मला निळ्या साडीत जायचं होतं. एवढी एकच गोष्ट मागायची होती आणि ती मागायच्या आधीच वाटून टाकली.

११ डिसेंबर

काही नाही.

१६ डिसेंबर

फादर येऊन गेले. प्रार्थना केली, ख्रिस्तप्रसाद दिला, चहा घेतला. आईची चौकशी केली, आईने पाय झाकून घेतले. फादर तरुण आहेत, माझ्याशी काय बोलावं त्यांना सुचत नव्हतं. शाळेचा निकाल विचारत होते. डिसेंबरात!

ते गेल्यावर वाटलं, त्यांना तरी सांगायला हवं होतं. मुकुट नको. पण फादरना हे सांगायचं कसं? हसले असते. देवाला कपड्यांशी काय घेणं, म्हणाले असते. देवाला नसेल. मला आहे. एवढंच माझ्या हातात उरलंय आणि तेही आईच्या हातात आहे.

१९ डिसेंबर

दोन दिवस नुसतं पाणी. अन्नाचा वास आला तरी ढवळतं. आई वाटी घेऊन बसते, मी तोंड फिरवते. ती तशीच बसून राहते, पेज गार होते, साय धरते. मग उचलून नेते. आधी रागवायची. आता रागवत नाही. रागवली असती तर बरं वाटलं असतं.

खायचं कशासाठी? ज्या भांड्याला भोक आहे त्यात ओतत बसायचं.

२५ डिसेंबर, शुक्रवार

नाताळ. आल्बर्टने अंगणात गोठा केला, बाळ येशू ठेवला. मला खुर्चीवर बसवून बाहेर नेलं. सगळे भेटून गेले. सगळ्यांनी सांगितलं, "बरी दिसतेस." प्लासिडचं कार्ड आलंय. त्याचं पोट आणखी सुटलंय.

मर्लिनच्या लग्नाचं पुन्हा निघालं. गाऊनचं काय झालं विचारलं तर ती आजीकडे बघायला लागली, आजी तिच्याकडे. "बघू," म्हणाली. दोघींचं काहीतरी चाललंय. पंधरा दिवस राहिले लग्नाला आणि बघू! वहिनी नाताळच्या गोड फराळाचं ताट घेऊन मध्येच घुसली आणि बोलणं मोडलं.

मी असताना काही बोलत नाहीत. माझ्यावरच सगळं अडलेलं असणार. लग्नाच्या आधी गेले तर लग्न पुढे ढकलावं लागेल, आणि ऐन लग्नाच्या दिवशी गेले तर त्याहून वाईट. मी कुठेही पडले तरी अडचणच. मर्लिन, मी मुद्दाम नाही करत गं.

२८ डिसेंबर, सोमवार

आज सकाळी कात्री ऐकली.

कात्रीचा आवाज कुणाला ऐकू येत नाही म्हणतात, मला येतो. आईची कात्री टेबलाला टेकून चालते. लांब, न थांबता. परकराला ती तशी चालवत नाही. कपाटावर पाहिलं. नळी नाही.

जेवणानंतर मशीन. या वेळी मी उठले नाही. कोणाचा परकर असेल अशी समजूतही घालून घेतली नाही. आवाज वेगळा होता. मध्ये कागदाची चरचर. टिश्यूखाली कागद घालून शिवतात, नाहीतर मशीनच्या दातऱ्यात ओढला जातो. शिवून झालं की कागद फाडून काढायचा. शिवायची, थांबायची, कागद फाडायची. पुन्हा शिवायची.

मला वाटलं होतं रडू येईल. नाही आलं. भिंतीकडे तोंड करून ऐकत पडले. वीस वर्षांचं कापड, दर मे महिन्यातलं, आणि सुई लागली शेवटी. बिचारीने इतके दिवस हात रोखून धरला होता. किती रोखणार?

माप थांबलं आहे. तिच्या दृष्टीने मी आता बदलणार नाही.

२९ डिसेंबर

मशीन. दुपारपर्यंत. मग बंद.

ठरवलंय, काही बोलायचं नाही. मुकुट तर मुकुट. सत्तर वर्षांची बाई मुलीसाठी शेवटचं काहीतरी शिवते, तिला नको कसं म्हणायचं? मला दिसणार थोडीच आहे. दिसणार तिलाच आहे.

३० डिसेंबर

आई दिवसभर ओटीवर. हातशिलाई. मर्लिन दोनदा येऊन गेली. कुजबुज. एकदा आई हसलेली ऐकू आली.

हसते कशी?

३१ डिसेंबर १९९८, गुरुवार

चार वाजता आई आणि मर्लिन आत आल्या. आईच्या दोन्ही हातांवर ते. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, "ठेव कपाटात. मला दाखवू नकोस."

"उठ. घालून बघ."

"आई, ते घालून बघायचं नसतं."

"का नसतं? दहा तारखेला लग्न हाय. काय नेसशील, ती निळी साडी? वर्गात जायचंय का?"

डोळे उघडले. गाऊन नव्हता. वेल नव्हता. फ्रॉक होता. साधा, लांब बाह्यांचा. अंगाला पांढरं अस्तर आणि बाह्यांना काही नाही. बायबलातल्या त्या पानावरचा. ते पान तिने कधी काढलं, मला ठाऊक नाही.

दोघींनी घातला. इंजेक्शनांनी काळेनिळे झालेले माझे हात आतून दिसत होते, वरून चांदी. पण खांद्यावरून घसरला. कंबरेला दोघी मावल्या असत्या. मर्लिनने पाठीमागे मुठीत धरला तेव्हा कुठे उभा राहिला.

म्हटलं, "आई, माप चुकलं गं."

"चुकलं नाय." तिने पदराखालून काहीतरी काढलं. माझा निळा ब्लाऊज. "याच्यावरनं कापलं."

दोन वर्षांपूर्वीची मी.

"मग आता आत घे ना थोडा. टाच."

"टिश्यू उसवता येत नाय," आई म्हणाली. "शिवून झालं. आता तूच भर त्यात. उरलेलं मर्लिनला दिलं, तिचं पुढचं पान निघालं."

त्या गेल्यावर पेज मागून घेतली. अर्धी वाटी. उलटली.

पुन्हा मागितली.